चिंचेखालची दावण

छावणीत सगळ्यांत आधी खोकली ती आमचीच गाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं एका गाईच्या दुधावर मला शिकवलं. रोज सकाळी ती किटली घेऊन गावच्या दूध सोसायटीत जायची आणि आमचं दूध सगळ्या गावाच्या दुधाबरोबर एकाच कॅनमध्ये पडायचं. आईला त्याचं फार अप्रूप होतं. तिच्या लहानपणी गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. आता दूध घेत होते, आणि एखाद्या दिवशी ती गेली नाही तर माणूस पाठवून विचारत होते. ती गाय म्हातारी होऊन गेली. छावणीत होती ती तिची लेक. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, आणि गाभण.

त्या साली दोन पावसाळे लागोपाठ कोरडे गेले होते. माजलगावच्या धरणात जुन्या गावांचे दगडी पार उघडे पडले होते, लोक ते बघायला जात होते. आमच्या नांदूरघाटाकडच्या माळावर तर उन्हाळा लागायच्या आधीच विहिरींचे तळ दिसले. कडबा संपला. मग सोसायटीनं सरकारी मदत घेऊन माळावर चारा छावणी काढली. धरणाच्या बाजूचा ऊस ट्रॅक्टर भरून यायचा, त्याची यंत्रावर बारीक केलेली कुट्टी जनावरांना मिळायची. जनावराबरोबर घरातलं एक माणूस तिथंच ताडपत्रीखाली राहायचं. आमच्या घरातनं आई राहिली. मी नुकतीच पास होऊन आले होते. सोसायटीच्या चेअरमननी मला छावणीची डॉक्टर म्हणून नेमलं. आपल्या गावची पोरगी असताना बाहेरचा डॉक्टर कावून आणायचा, असं ते बैठकीत म्हणाले होते.

चेअरमनबद्दल सांगायला पाहिजे. पांढरं धोतर, मोठा आवाज, जमीन भरपूर आणि त्या साली सगळी पडीक. आदल्या दुष्काळात दुसऱ्या लोकांनी छावणी चालवली होती. तेव्हा वस्तीतली जनावरं उताराला, सगळ्यांत शेवटी बांधली होती आणि त्यांचा हौद वेगळा होता. वरच्या हौदात उरलेलं गढूळ पाणी त्यात सोडायचे. आई त्या छावणीत होती. चेअरमनही होते, वरच्या बाजूला. त्यांनी ते बघितलं होतं. कारभार हातात आल्यावर त्यांनी पहिला नियम केला, की जो ज्या क्रमानं येईल त्याचं जनावर त्या क्रमानं बांधायचं, आणि हौद एकच. लांबलचक सिमेंटचा हौद बांधून घेतला. कुणी साहेब छावणी बघायला आला की ते आधी त्याला हौदापाशी न्यायचे.

आई पहाटेच गाय घेऊन गेली होती, म्हणून आमच्या गाईचा खुंटा चेअरमनच्या बैलजोडीला लागून आला. आईनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण तिथं शेण काढताना तिची पाठ वेगळीच ताठ असायची.

आणि मग गाय खोकली. कोरडा, ठसकल्यासारखा खोकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड. मुस्कट लाल झालेलं, आणि अंगात ताप. चारा पुढ्यात तसाच. कुट्टीची धूळ फार उडायची, तेव्हा मलाही आधी धुळीचाच त्रास वाटला. इंजेक्शन दिलं, कुट्टीवर पाणी शिंपडायला सांगितलं. मग चेअरमनचा एक बैल खोकायला लागला. मग पलीकडची कालवड. घटसर्प म्हणावा, तर लस सगळ्यांना मीच टोचली होती आणि गळ्याला सूज कुणाच्याच नव्हती. इंजेक्शननं कुणाचा ताप उतरायचा, कुणाला धाप लागायची, आणि रोज दावणीत एक-दोन नवीन नाकं वाहताना दिसायची. ती कालवड एका सकाळी जीभ बाहेर काढून उभी होती. दुपारच्या आत गेली. तिचा मालक नुसतं दावं सोडून गुंडाळत बसला.

तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि मला जी शंका होती तीच बोलून दाखवली, की हे नुसत्या जिवाणूंचं काम नाही, आधी विषाणू येऊन गेलाय. नाकातला स्राव आणि रक्त घेऊन त्यांनी पुण्याला पाठवलं. निकाल यायला वेळ लागणार होता. तोवर आजारी जनावरं वेगळी काढा, पाणी वेगळं करा, एवढं सांगून ते दुसऱ्या छावणीकडं गेले.

वेगळी काढा. पाणी वेगळं. सांगायला सोपं.

मी चेअरमनकडं गेले. छावणीच्या पूर्वेच्या कडेला दोन मोठ्या चिंचा होत्या, माळावरची तेवढीच सावली. तिथं त्यांचं ऑफिस होतं, म्हणजे टेबल, खुर्च्या आणि पाण्याचा माठ. मी त्यांना समजावून सांगितलं. जनावराच्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. आत गेलेली धूळ, जंतू ती सारखी वर ढकलत असते. विषाणू आधी ती लवच मारतो. मग एरवी नाका-घशात निमूट राहणाऱ्या जंतूंना फुप्फुसापर्यंत वाट मोकळी होते. त्यात आपली जनावरं उपाशी, चालत चालत आलेली, उन्हात दाटीनं बांधलेली.

चेअरमन शेतकऱ्याच्या भाषेत समजून घेत होते. "म्हंजी राखणदाराला पाडनारा येगळा, आन् चोर येगळा."

मी हो म्हणाले.

"आपलं इंजेक्शन चोरावर चालतंय. राखणदार पाडनाऱ्यावर?"

त्याच्यावर औषध नाही, म्हणाले.

"मग येवढं कालिज कावून केलं, पोरी?"

ते हसले, मीही हसले. मग मी म्हणाले की औषध नसलं तरी त्याला थांबवता येतं. तो नाकातून, खोकल्यातून पसरतो, आणि आपली सगळी जनावरं एकाच हौदात नाक बुडवतात. आजारी जनावरांची दावण वेगळी करावी लागेल आणि हौदही वेगळा.

त्यांचं हसू गेलं. "येगळा हौद माझ्या छावणीत हुनार न्हाई," ते म्हणाले. "आन् हे तू सांगतीस व्हय? दुसरं कुनी सांगितलं असतं तर समजलो असतो."

तोवर आवाज ऐकून माणसं जमली होती. त्यांत शेजारच्या वाडीचा एक शेतकरी होता, दोन म्हशी घेऊन आलेला, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "येगळं करायचंच तर सोपं हाय की. खोकला वस्तीच्या गाईपासनं आला. वस्तीची जनावरं उताराला न्या, पहिल्यावानी."

चेअरमन खुर्चीतून उठले. त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो माणूस मागं सरला. मग ते माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बघितलं? एक भिंत घातली की लोक तिला कुठवर नेत्यात? म्हनून न्हाई म्हनतो मी."

तेव्हा मला कळलं की हा माणूस अडाणीपणानं अडून बसलेला नाही. तो माझ्यासाठी, माझ्या आईसाठी अडून बसला होता. आणि त्यांच्या त्या चांगल्या नियमातून, त्याच एका हौदातून, आजार रोज पुढं सरकत होता. दोघांचंही बरोबर होतं आणि जनावरं मरत होती.

मी आईकडं गेले. गाईला धाप लागली होती, मान लांब करून उभी होती. आई गोणपाट भिजवून तिच्या पाठीवर टाकत होती. मी खाली बसून सगळं सांगितलं, उताराचंही. आईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"तुला शिकवलं ते मला परत खाली बांधायला व्हय?" ती म्हणाली.

एवढं कडू ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. बराच वेळ ती गाईच्या नाकावरचा शेंबूड फडक्यानं पुसत राहिली. मग तिनं विचारलं की हे दुखणं ओळखायचं कसं, दिसून येतं का. मी म्हणाले, दिसतं उशिरा, पण थर्मामीटर लावला की आधी कळतं. ताप खोकल्याच्या आधी येतो.

"थर्मामीटरला वस्ती कळती का?"

"न्हाई."

"मग सगळ्यांना लाव. समद्यांच्या म्होरं. ज्येला ताप त्यो बाजूला, मग कुनाचं बी असो." जरा थांबून तिनं हात वर केला आणि पूर्वेकडं बोट केलं. "आन् बाजूला म्हंजी उताराला न्हाई. तिथं. चिंचंखाली. आजारी हाय म्हनल्यावर सावली त्येलाच पायजे."

मी तिच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. उन्हाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा. चिंचा पूर्वेच्या टोकाला. आजारी जनावरांचा खोकला निरोगी दावणीवर न येता माळाकडं उडून जाणार होता. कुट्टीचं यंत्र लांब, धूळ नाही. कॉलेजच्या परीक्षेत जागा निवडायला दिली असती तर मी हीच निवडली असती. पण ती जागा मागायची असते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजारी म्हणजे खाली, असं माझ्याही मनात कुठंतरी बसलेलंच होतं.

आईनं पदर खोचला आणि माझ्या आधी चालायला लागली. चेअरमनसमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशीही मोठ्यानं नाही बोलली. म्हणाली, "दादा, दावण येगळी करू द्या पोरीला. पर खुर्च्या उचला."

चेअरमन तिच्याकडं बघत राहिले. मग चिंचांकडं बघितलं. मग टेबलाकडं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही कळल्याचं दिसलं नाही, आणि मग एकदम दिसलं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि भर उन्हात नेऊन ठेवली.

"ऑफिस हितं," ते म्हणाले. "लाव गं तुझं यंत्र. माझ्या बैलापासनं सुरू कर."

बैलाला ताप होता. तो त्यांनी स्वतः चिंचेखाली नेऊन बांधला. मग आमची गाय. मग एकेक करून सगळी दावण. ताप नसलेलं जनावर तसंच राहायचं, ताप असलेलं पूर्वेला जायचं. पाटलांचं गेलं, वस्तीतलं गेलं, खाटकाच्या आळीतल्या म्हाताऱ्याची शेळीसारखी हडकुळी गाय गेली. वाडीच्या फटकळ माणसाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला माझ्या म्हशीला काही झालेलं नाही. लावला. एका म्हशीला नव्हताच, दुसरीला भरपूर होता. तो मान खाली घालून दुसरीला घेऊन गेला. आई बघत होती.

पाण्याचा प्रश्न छावणीला पाणी आणणाऱ्या टँकरवाल्या चाचांनी सोडवला. केजला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, दुष्काळात ते बंद ठेवून टँकर चालवत होते. त्यांनी दुकानातले लोखंडी ड्रम उभे कापून आणले आणि चिंचेखाली एकेका जनावरापुढं एकेक ठेवला. मी त्यांना समजावलं की आधी निरोगी दावणीचा हौद भरा, मग इकडं या, आणि पाइपाचं तोंड ड्रमात बुडू देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून ते तसंच करायला लागले आणि वर सगळ्यांना बजावायचे, "वहाँ का पानी पहले, यहाँ का बाद में. हमारी डॉक्टरनीचा हुकूम हाय." कुणी उलटसुलट केलं तर माझ्यापेक्षा तेच जास्त चिडायचे.

औषध मी फक्त सुईनं दिलं. बांबूच्या नळीनं काढा पाजायचा एकानं हट्ट धरला होता. खोकणाऱ्या जनावराच्या नरड्यात नळी घातली तर काढा सरळ फुप्फुसात जातो, आणि छावणीभर नळी एकच. मी ती मागून घेतली आणि परत दिली नाही. कडुनिंबाची धुरीही बंद केली. माश्या चालतील, धूर नको. बायकांनी जुन्या साड्या ओल्या करून चिंचेला बांधल्या. ज्यांची जनावरं निरोगी होती त्या बायकाही इकडच्यांसाठी ओल्या उसाचे हिरवे वाढे निवडून दुरून टाकून जायच्या. हात धुऊन परत जायच्या, सांगायला लागायचं नाही. मला आजही वाटतं की अर्धी डॉक्टरकी त्यांनी केली.

एक गंमतही झाली. ऊन वाढलं तसं लोकांना चिंचेखालची दावण दिसायला लागली. थंडगार सावली, ज्याचा त्याचा ड्रम, निवडलेला चारा, वर ओल्या साड्या. एक जण येऊन म्हणाला, म्याडम, माझ्या गोऱ्ह्याला बी थोडा ताप वाटतोय, बघा की. बघितला, नव्हता. दुसऱ्यानं तर गोऱ्हा तासभर उन्हात उभा करून आणला होता. चेअरमन भर उन्हात खुर्चीवर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हे बघायचे आणि पोट धरून हसायचे. "वस्तीच्या बाईनं जागा अशी पकडली," ते म्हणायचे, "की आता पाटलाला बी आजारी पडायचंय."

सगळीच जगली नाहीत. चेअरमनचा तो बैल गेला. दुसऱ्याला जोडी राहिली नाही. त्यांनी त्याला स्वतः खड्ड्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन मला म्हणाले की तू केलंस तेवढं बास होतं, मनाला लावून घेऊ नको. ज्याचा बैल गेला त्यानं डॉक्टरला धीर द्यायचा, हे मी नंतर कुठंही बघितलेलं नाही. पण दावणीत नवीन नाकं वाहायची थांबली. आधी रोजची, मग अधूनमधूनची, मग एकही नाही.

आमची गाय दुखण्यातून उठली. रवंथ करायला लागली त्या सकाळी आईनं मला हाक मारून नुसतं दाखवलं. पण पुढच्या आठवड्यात तिनं गाभ टाकला. त्या विषाणूचा तोही एक गुण असतो, मला माहीत होतं, आईला मी सांगितलं नव्हतं. आईनं ते मेलेलं वासरू पोत्यात घालून माळावर नेलं, पुरलं, हात धुतले आणि गाईच्या मानेला मान लावून बसली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "ही हाय ना. ही हाय तर समदं हाय."

पुण्याचा निकाल आला तेव्हा छावणी उठायच्या बेतात होती. विषाणूच होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी कागद सोसायटीत वाचून दाखवला. वाडीच्या त्या माणसानं विचारलं की ह्याच्यात कुणाच्या जनावरापासनं आला ते लिवलंय का. डॉक्टर म्हणाले, ते कळत नाही. कुठल्याही जनावराच्या अंगात तो वर्षानुवर्षं दडून राहतो, ते अशक्त झालं की बाहेर येतो. आधी खोकली तिच्यापासूनच आला असं नसतं. तो माणूस बराच वेळ कागदाकडं बघत उभा होता. त्याची म्हैस वाचली होती. तो घरच्या लग्नाला गेला होता ते दिवस तिला पाणी, चारा आई घालत होती. घालताना शिव्याही देत होती, म्हशीला नव्हे.

नंतर मी नोकरीत लागले, बदल्या झाल्या, मोठमोठ्या साहेबांपुढं बोलायची वेळ आली. रोगाच्या साथीत जनावरं वेगळी काढायची म्हटलं की लोक विरोध करतात, आणि बहुतेक डॉक्टर त्याला अडाणीपणा म्हणतात. मी आधी विचारते, वेगळी म्हणजे कुठं काढताय? एवढं मला कॉलेजनं शिकवलं नाही. ते आईनं आणि एका चेअरमननं शिकवलं, आणि दोघांची मी आयुष्यभराची ऋणी आहे.

पाऊसपाणी बरं झालं. पुढच्या वर्षी गाय व्यायली, कालवड झाली, गाईसारखीच टिळ्याची. पहिल्या चिकाचा आईनं खरवस केला आणि वस्तीत वाटला. चेअरमनना पाठवला, त्यांनी ताटली चाटून पुसून परत पाठवली. दुपारी वाडीचा तो माणूस दारात आला. डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या होत्या. त्या गोठ्यात टाकल्या, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, चांगली हाय म्हणाला. आईनं त्याला बसायला सांगितलं आणि खरवसाची ताटली पुढं केली. त्यानं खाल्ला. खाऊन झाल्यावर उठला नाही. ताटलीकडं बघत म्हणाला,

"घरी न्यायला देता का थोडा? घरच्यास्नी."

आई आत गेली आणि घरातला सगळ्यांत मोठा डबा घेऊन बाहेर आली.